बिनचरबीचं मांस आणि माझा शेरा

माझ्या लग्नाच्या बोलण्यांत कुणी "मुलगी काय करते?" असं विचारलं की आई सांगायची, "अन्न तपासते." समोरच्या मंडळींचे चेहरे लगेच खुलायचे. मुलगी सुगरण असणार, असा त्यांचा समज व्हायचा. प्रत्यक्षात मी नोकरीभर जे अन्न हाताळलं, त्यातला एक घासही कुणाच्या पोटात गेला नाही. आम्ही ते वाळवायचो, आम्लात उकळायचो, शेवटी भट्टीत घालून त्याची राख करायचो आणि त्या राखेचंसुद्धा वजन करायचो. सुगरणपणाशी याचा संबंध एवढाच की घरी आल्यावर हाताला वास यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "आधी हात धू, मग चुलीकडं ये."

म्हैसुरातल्या एका अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी तेहेतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. संपादकबाईंनी कळवलं, "गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं हवं असतं." गमती आहेत, त्या आधी सांगते. नंतरचं हलकं नाही. बाईंना नको असेल तर त्यांनी तेवढं कापावं, माझी तक्रार नाही.

आमच्याकडं येणारी माणसं दोन प्रकारची. एकाला आपल्या मालात काहीतरी जास्त आहे असं लिहून हवं असायचं, दुसऱ्याला काहीतरी कमी आहे असं. नाचणीची बिस्किटं करणारे एक गृहस्थ दर दोन महिन्यांनी यायचे. प्रथिनांचा आकडा त्यांना दोन अंकी हवा होता. मी म्हणायची, "सर, नाचणीत आहे तेवढंच निघणार." ते म्हणायचे, "मॅडम, अजून एकदा बघा ना, स्वल्प प्रेमानं बघा." मी प्रेमानं बघायची. आकडा तोच यायचा.

एकदा शहराबाहेर रिसॉर्ट काढलेला एक तरुण मालक सशाचं मांस घेऊन आला. त्यानं ससे पाळले होते आणि जेवणाच्या यादीवर त्याला 'रानातल्यासारखं, बिनचरबीचं' असं छापायचं होतं. तपासलं तर चरबी भरपूर. त्याचा विश्वासच बसेना. "अय्यो, ससा म्हणजे जंगलचा प्राणी ना मॅडम?" मी विचारलं, "खायला काय घालता?" मका, पेंड, उरलेला पाव. फिरायला? पिंजरा. मी म्हटलं, "मग तुमचे ससे बँकेत नोकरीला आहेत असं समजा. रानातले नाहीत." तो बिचारा हसला, पण मला मात्र माझ्या उत्तराचा फार आनंद झाला. आठवडाभर मी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगत होते. अशा शाबासकीनं माणूस बिघडतो, हे तेव्हा कळलं नाही.

हे रानातलं मांस आणि पाळलेलं मांस यातला फरक नवख्या वाचकासाठी जरा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रानातलं जनावर दिवसभर चालतं, पळतं, पाला आणि गवत खातं. त्याच्या अंगावर आयतं काही साठत नाही. त्यामुळं हरणाचं मांस तपासलं तर शंभर भागांत चरबी दोन-अडीच भाग, प्रथिनं बावीसच्या घरात, लोह चांगलं, म्हणून रंग गडद. बाकी बहुतेक पाणी. अंगात रक्त कमी असलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं अन्न शोधून सापडायचं नाही. पण नुसत्या अशा मांसावर माणूस फार दिवस तगत नाही, त्याला थोडी चरबी लागते. जंगलातले लोक म्हणूनच मज्जा, काळीज, मध असं जोडीला खायचे. त्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती.

अर्थात शिकारीला आता बंदी आहे आणि ती असायलाच हवी. मग हरणाचं मांस माझ्या टेबलावर आलं कुठून? जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या जनावरांचं, परवानगीचं पत्र जोडून आलेलं. अख्ख्या नोकरीत असे नमुने आले तीन. तिन्ही मी तपासले आणि त्या तिनांवर मी 'मांसवाल्या मॅडम' झाले. कुणालाही मांसाबद्दल काही विचारायचं असलं की माझ्याकडं पाठवायचे. वासरात लंगडी गाय शहाणी, तसलाच प्रकार.

दुसरी शाळा घरची. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते. फौज गेली, घोडे गेले, आमचे वडील पोस्टात कारकून झाले. त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, पण शिकारीच्या मांसाबद्दल ते असं बोलायचे की जणू काल सांबर मारून आलेत. लहानपणी, बंदीच्या आधी, आजोबांकडं त्यांनी ते खाल्लं होतं. रविवारी मंडी मोहल्ल्यातून मटण आणलं की मला शेजारी उभं करायचे आणि एक तुकडा अंगठ्यानं चोळून दाखवायचे.

"हे बघ की गे. बोट कसं तुपकट झालं? हे बन्नूरचं मेंढरू. बसून खाल्लेलं. रानचं असलं तर बोट कोरडं राहतंय. सुम्ने, उगीच सांगत नाई मी, अंगठ्याला कळतंय."

बन्नूर आमच्यापासून तासाभरावर. तिथली मेंढी अख्ख्या मुलखात नावाजलेली, कारण तिच्या मांसात चरबी अशी सगळीकडं विणलेली असते की शिजलं की लोण्यासारखं. जुन्या म्हैसूरकराला मटण म्हणजे बन्नूरचं, दुसरं मटण त्याच्या हिशेबातच नाही. वडिलांना शेवटी डॉक्टरांनी हे मटण बंद करायला लावलं. तेव्हाही ते म्हणाले, "तेच सांबराचं असतं तर त्यानं कशाला बंद केलं असतं, अल्वा, नाही का?"

हा अंगठा मी घेऊन नोकरीला लागले. ही गोष्ट मी साहेबांपासून सहकाऱ्यांपर्यंत कुणाला सांगितली नाही, पण मांसाचा नमुना आला की यंत्राआधी मी तो हातमोज्यातल्या अंगठ्यानं चोळून बघायची. आणि माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा.

निवृत्तीच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. वनखात्यातला एक अधिकारी सकाळीच आला. त्याच्याबरोबर थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि बर्फात मांसाची पिशवी. सरगूरच्या पलीकडं जंगलाच्या कडेला एक हाडी आहे. जंगलातून बाहेर आणून वसवलेल्या लोकांच्या वस्तीला तिकडं हाडी म्हणतात. तिथल्या बोम्मा नावाच्या माणसाच्या झोपडीत हे मांस सापडलं होतं. खबर अशी होती की त्यानं चितळ मारलंय. बोम्मा म्हणत होता, माझी शेळी कापली. अधिकाऱ्याला ते पटलं नव्हतं.

मी म्हटलं, "जनावर कुठलं ते आम्ही सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते, बाहेरगावी पाठवावं लागतं."

"पाठवलंय मॅडम. पण तो रिपोर्ट यायला महिने जातात. तोवर तो जामीन मागणार, सुटून जाणार. तुम्ही फक्त घटक काढून द्या. मांसातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

शेवटचं वाक्य त्यानं कुठं ऐकलं होतं कोण जाणे. कुणाला कुठं खाजवायचं ते काही माणसांना बरोबर कळतं.

मी विचारलं, "कातडं, डोकं, खूर काही?"

"काही नाही. नुसतं मांस. बाकी सगळं जंगलात टाकलं असणार. म्हणून तर संशय."

मला ते पटलं. आता लिहिताना स्वतःचा राग येतो, पण तेव्हा खरंच पटलं.

नमुना मी स्वतः हाताळला. माझ्या हाताखाली शैलजा नावाची हुशार मुलगी होती, ती शेजारी उभी होती. मांस गडद होतं, अंगठा कोरडा राहिला. मी मनात म्हटलं, हे रानचं. यंत्र सुरू व्हायच्या आधीच मी निकाल लावून बसले होते.

पुढचं काम दोन दिवसांचं. मांसाचा खिमा करायचा. थोडा भाग भट्टीत वाळवून पाणी किती ते काढायचं. थोडा आम्लात उकळून प्रथिनं. थोडा काचेच्या नळीत ठेवून त्यावरून तासन्‌तास द्रावण टपकत ठेवायचं, म्हणजे चरबी विरघळून खाली येते. तुलनेसाठी शेजारी एक ओळखीचा नमुना चालवायचा असतो, म्हणजे दोघांचे आकडे समोरासमोर बघता येतात. मी नेहमीप्रमाणं मंडी मोहल्ल्यातून बन्नूरचं मटण आणवलं.

आकडे आले. बन्नूरच्या मटणात चरबी बारा भाग. बोम्माच्या मांसात जेमतेम एक. शैलजानं कागद भरला आणि पेन हातात धरून विचारलं, "मॅडम, पाणी जास्त वाटतंय. आणि प्रथिनं हरणापेक्षा कमी आहेत. परत करू का?"

पाणी एकोणऐंशीच्या जवळ होतं. मी म्हटलं, "बर्फात ठेवून आणलंय. बर्फाचं पाणी शोषलं असेल."

आमच्या कागदाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो रिकामा ठेवायचा, ही आमच्याकडची शिस्त. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी शिकवायची, "आकडा द्या, मत देऊ नका. मत द्यायला कोर्ट आहे." शैलजाला मीच शिकवलं होतं. म्हणून तिनं रकाना रिकामा ठेवून कागद माझ्याकडं सहीला दिला. आणि मी पेन उघडून लिहिलं, की चरबीचं प्रमाण पाहता हा नमुना पाळीव शेळीमेंढीपेक्षा रानातल्या जनावराच्या मांसाशी अधिक जुळतो. एक ओळ.

शैलजा म्हणाली, "मॅडम, शेरा?"

मी म्हटलं, "असू दे. मला ओळखू येतं."

चार दिवसांनी अधिकाऱ्यानं फोन करून आभार मानले. जामीन नाकारला गेला होता. माझा कागद जोडला होता म्हणे. त्या दिवशी मी घरी यजमानांना हे सांगितलं. वडील तेव्हा हयात नव्हते, पण ते असते तर किती खूश झाले असते, असंही म्हटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला वाईट वाटायला लागलं ते बरंच नंतर. त्या दिवशी मला अभिमानच वाटला होता.

पाच महिन्यांनी त्याच अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला. बाहेरगावचा रिपोर्ट आला होता. तो फोनवर हसत होता. हसण्यात ओशाळेपण असावं, पण ऐकायला हसणंच आलं.

"मॅडम, मेके अंते!"

मेके म्हणजे शेळी. शेळी निघाली म्हणे. बोम्माला सोडून दिला होता.

मी फोन ठेवला आणि शीतपेटीकडं गेले. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग आम्ही राखून ठेवतो. बोम्माच्या मांसाची ती छोटी बरणी तिथं होती, नंबरासकट. मी ती बाहेर काढली आणि शैलजाला म्हटलं, "चल, परत करू." माझी आशा अशी, की आकड्यात कुठं तरी चूक सापडेल. यंत्राची चूक असेल, द्रावणाची असेल, शैलजाची असेल. हो, तिचीसुद्धा चालली असती मला.

आकडे तेच आले. चूक नव्हतीच.

मग मी एक काम केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सरगूरकडच्या एका ओळखीच्या शिपायाला सांगून तिकडची गावठी शेळी जिथं कापतात तिथलं मांस आणवलं. डोंगरावर चरणारी, काटेरी पाला खाणारी साधी शेळी. तिच्या मांसातली चरबी अडीच भाग निघाली, म्हणजे हरणाएवढीच. शेळीचं मांस मुळातच कमी चरबीचं असतं, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण मटण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बन्नूर. म्हैसुरातल्या खात्यापित्या घरची मुलगी मी, मला जगातलं प्रत्येक पाळीव जनावर बन्नूरच्या मेंढीसारखं गुबगुबीत वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि एवढ्यावर संपत नाही. त्या गावठी शेळीत चरबी अडीच, बोम्माच्या मांसात एकच. मग तीही शेळी, हीही शेळी, फरक कशाचा? उत्तर त्या पाण्याच्या आकड्यात होतं, जो शैलजाला खटकला होता. जनावर उपाशी राहिलं की अंगातली चरबी तेच खाऊन टाकतं, मग थोडं थोडं स्वतःचं मांसही खातं, आणि त्या जागी पाणी भरतं. म्हणून पाणी जास्त, प्रथिनं कमी, चरबी नाहीच. दोन दुष्काळी वर्षांत चारा न मिळालेल्या शेळीचा तो चोख हिशेब होता. कागदावर भूक लिहिली होती आणि मी तिथं जंगल वाचलं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, "आकडे बरोबर आहेत ना? मग प्रयोगशाळेची चूक नाही. आणि तो सुटलाय की आता. यापुढं तेवढा शेरा लिहू नका." त्यांनी मला सांभाळून घेतलं आणि मी सांभाळून घेऊ दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर मुळात नव्हताच. त्या हाडीत त्या दिवशी एकही हरीण मेलं नव्हतं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं दुपारी फाटकावरच्या माणसानं निरोप पाठवला, की कुणीतरी भेटायला आलंय, सरगूरकडचा. मी बाहेर व्हरांड्यात गेले. तिशीचा माणूस, काटक, धुतलेला पण चुरगळलेला शर्ट, पायात काही नाही. पायरीवर बसला होता, मला बघून उठला. म्हणाला, "अव्वा, मी बोम्मा."

मला वाटलं, हा आता जाब विचारणार. मी मनातल्या मनात साहेबांचंच वाक्य जुळवायला लागले, आकडे बरोबर होते म्हणून.

पण तो जाब विचारायला आलाच नव्हता. त्याला कागद हवा होता. सुटून आल्यावरही पहारेकरी त्याला अडवत होते, मधासाठी रानात जाऊ देत नव्हते. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की म्हैसूरच्या ज्या ऑफिसात मांस गेलं होतं तिथून 'ती शेळीच होती' असं लिहून आण. तो दोन बस बदलून आला होता. आमच्या ऑफिसातून गेलेल्या कागदात काय लिहिलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं शेळी आहे असं सांगून त्याला सोडवणारे आम्हीच.

मी त्याला आत आणलं, खुर्चीवर बसवलं. तो टेकून बसला नाही. शैलजा बाहेरगावच्या रिपोर्टाच्या आधारानं कागद टाइप करायला गेली, आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शेळी का कापली होती?"

"बायकोसाठी, अव्वा. पुट्टी बाळंत झाली होती. नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी तिची पापणी खाली ओढून बघितली, म्हणाल्या, अंगात रक्तच नाही, हिला मांस घाल. एवढी एकच शेळी राहिली होती. तिच्या अंगावरही काही नव्हतं. तरी कापली. कातडं सकाळीच सरगूरच्या माणसानं नेलं. डोकं आणि पाय कापणाऱ्याचा वाटा असतो, तो त्यानं नेला. नंतर तो भीतीनं काही बोललाच नाही. मांस चुलीवर चढवायचं होतं, तेवढ्यात ते लोक आले."

"मग पुट्टीनं खाल्लंच नाही?"

"नाही. सगळं नेलं ना."

"आता कशी आहे?"

तो खाली बघून म्हणाला, "नाही आता. मी आत असतानाच गेली. तिसऱ्या महिन्यात. ताप आला म्हणे. पोर आहे, बहिणीकडं आहे."

शैलजा कागद घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. ती कागद टेबलावर ठेवून लगेच परत गेली.

मी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. कागद त्याच्यापुढं सरकवला तर त्यानं तो उचलला नाही. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "अव्वा, तुम्ही शिकलेल्या. मांसात काय असतं ते तुम्हाला कळतं. ती शेळी तिनं खाल्ली असती तर ती जगली असती का?"

अख्ख्या नोकरीत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर मला येत होतं. त्या शेळीच्या मांसात लोह किती, एका बाईला किती लागतं, ओसरलेलं रक्त भरायला किती महिने जातात, हे सगळं मला माहीत. एका वाळलेल्या शेळीच्या दोन-तीन दिवसांच्या जेवणानं बाळंतिणीचं रक्त भरत नाही.

मी म्हटलं, "नाही बोम्मा. एका शेळीनं काही झालं नसतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खरंच उतरला, मी बघितलं. म्हणाला, "मग बरं. मला वाटत होतं, माझीच चूक. पाऊस येईल, शेळी भरेल, मग कापू म्हणून मी महिनाभर थांबलो होतो. आधीच कापली असती तर, असं सारखं वाटत होतं."

त्यानं कागदाची घडी केली, शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवली, मला हात जोडले आणि गेला. मी खिडकीतून तो फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत उभी राहिले.

मी त्याला खोटं सांगितलं नाही. पण अर्धंच सांगितलं. शेळीनं पुट्टी जगली नसती, हे खरं. पण बोम्मा घरी असता तर त्यानं मध आणला असता, कंद आणले असते, रानातली भाजी आणली असती, कुठं मजुरी करून नाचणी आणली असती, ताप आल्यावर तिला खांद्यावर घालून सरगूरच्या दवाखान्यात नेलं असतं. महिनोन्महिने, रोज थोडं थोडं. रक्त तसंच भरतं. त्यानं शेळीचं विचारलं, मी शेळीचं सांगितलं. स्वतःचं त्यानं विचारलं नाही, आणि तो घरी का नव्हता हे मी सांगितलं नाही. उलट त्याच्याकडून नमस्कार घेतला.

शैलजानं नंतर दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. कारण तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निरोप समारंभात साहेबांनी माझ्या काटेकोर कामाचं कौतुक केलं, शाल दिली. त्या वेळी ती मागच्या रांगेत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

घरी मांस आता आणत नाही. यजमान कुरकुरतात, पण मला तो तुकडा हातात धरवत नाही. अंगठा आपोआप चोळायला लागतो.

बोम्माला जाऊन सांगावं असं दरवर्षी मनात येतं. सरगूरची बस आमच्या घराजवळच्या थांब्यावरून जाते. या नऊ-दहा वर्षांत मी एकदाही तिच्यात चढले नाही. शेरा माझा होता, एवढंच सांगायचं आहे. कन्नडमध्ये हे चार शब्दांत होईल, आणि कन्नड मी आयुष्यभर बोलत आलेय. तरी मी हे मराठीत लिहायला बसले, कारण मराठी बोम्माला वाचता येत नाही.